फॉर्ममधला नॉमिनीचा रकाना

विट्यातल्या एका पतसंस्थेत मी विम्याचं काम बघते. संस्था कॉर्पोरेट एजंट आहे, म्हणजे विमा कंपनीच्या पॉलिसी विकायचा परवाना तिच्याकडं आहे, आणि मी तिच्यातर्फे परीक्षा देऊन पॉलिसी करायला पात्र झालेली. माझं टेबल कर्ज विभागाला चिकटूनच आहे, त्यामुळं माणूस कर्जाच्या कागदांवर सह्या करून उठला की सरळ माझ्यासमोर येतो.

त्या वेळी त्याचं लक्ष चेककडं असतं. विम्याचं नाव काढलं की म्हणतो, ‘ताई, मला काय होतंय? आधी पैशाचं बघा.’ मी त्याच्या बायकापोरांचं नाव काढत नाही. कुणालाही ते अभद्रच वाटतं. मागं बाकावर दोन जामीनदार बसलेले असतात. बहुतेक वेळा एक मेव्हणा आणि एक पगारदार, शिक्षक नाहीतर एसटीतला. त्यांच्याकडं बघून मी कर्जदाराला विचारते, ‘अण्णा, तुमचं काही बरंवाईट झालं तर नोटीस कुणाच्या दारात जाईल?’ मग तिघंही गप्प होतात. सहकार कायद्यातला 101 चा वसुली दाखला काय असतो हे आमच्याकडं कुणाला शिकवावं लागत नाही. कर्जदार गेला तरी कर्ज उरतं, आणि ते पगारातून कापून घेण्यासाठी पगारदार जामीनदार सगळ्यांत सोपा. ज्याच्या भरवशावर कर्ज उचललं त्याच्या घरात आपल्या माघारी भांडण लागू नये, ही गोष्ट माणसाला स्वतःच्या मरणापेक्षा लवकर पटते.

कर्जाचा विमा साधा असतो. कर्ज जसं फिटेल तसं संरक्षण कमी होत जातं, आणि हप्ता बहुतेक वेळा सुरुवातीला एकदाच भरायचा असतो. विमा घेतला नाही म्हणून कर्ज अडणार नाही, हे मी प्रत्येकाला आधीच सांगते. जबरदस्तीनं गळ्यात मारलेल्या पॉलिसीचे कागद घरात कुणी नीट ठेवत नाही.

आणखी एक प्रश्न नेहमी येतो, खास करून म्हाताऱ्या ठेवीदारांकडून: ‘आमच्या ठेवीला इमा हाय न्हवं?’ नाही. बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत विम्याचं कवच असतं, पतसंस्थेतल्या ठेवीला ते लागू नाही. आमच्या संस्थेचा कारभार चोख आहे असं मला मनापासून वाटतं, तरीही या प्रश्नाला मी दुसरं उत्तर देणार नाही. मावशींनी ऐकून घेतलं, विचार केला आणि ठेव थोडी इकडं, थोडी बँकेत अशी वाटून ठेवली, तर तो त्यांचा शहाणपणा.

आता मुख्य गोष्ट. आमच्या खानापूर तालुक्यातली निम्मी घरं गलाईवर चालतात. पोरगा विशीच्या आत सोनं-चांदी गाळायला कुठल्या कुठं जातो, कोइंबतूर, कोलकाता, केरळ. लग्नाआधी सुट्टीला गावी आला की पॉलिसी काढतो आणि नॉमिनी म्हणून आईचं नाव लावतो. बरोबरच आहे, तेव्हा त्याला दुसरं आहे कोण? पुढं लग्न होतं, पोरं होतात, हप्ते वेळेवर जातात, आणि तो रकाना तसाच राहतो. मग तो अचानक जातो आणि एक दिवस सासू आणि सून दोघी माझ्यासमोर बसतात. कंपनी पैसे कागदावर जिचं नाव आहे तिलाच देते. सासू समंजस असेल तर सुनेच्या नावावर ठेव करते. दुसरा मुलगा कर्जबाजारी असेल तर पैसे कुठं जातात ते मी बघितलंय. सून कोर्टात जाऊ शकते, पण पदरात दोन लेकरं घेऊन वकिलाच्या पायऱ्या किती चढणार? नॉमिनी बदलायला एक अर्ज लागतो. पॉलिसी चालू असेपर्यंत तो कधीही, कितीही वेळा देता येतो. नॉमिनी अठराच्या आतला असेल तर त्याच्या वतीनं पैसे कोण घेणार तेही नाव लिहावं लागतं.

नावांचा घोळ तर वेगळाच. तामिळनाडूत बापाच्या नावाचं आद्याक्षर पुढं लावायची पद्धत, आडनाव नाहीच. त्यामुळं आधारवर पूर्ण नाव-आडनाव असलेला आपला माणूस तिकडच्या मृत्यूच्या दाखल्यावर ‘आर. तानाजी’ होऊन येतो. मृत्यू जिथं झाला तिथंच त्याची नोंद होते आणि दुरुस्तीही तिथल्याच निबंधकाकडून करून घ्यावी लागते. दहावं-तेरावं उरकून गाडीनं परत हजार किलोमीटर कोण जाणार? म्हणून आता फोन आला की रडणं शांत व्हायची वाट न बघता मी पहिल्यांदा सांगते, नोंद करायच्या आधी आधार दाखवा, तसंच नाव लिहून घ्या. कठोर वाटतं, पण नोंदीची मुदत असते त्या 21 दिवसांत हे काम तिथल्या तिथं होऊन जातं. बायकांच्या बाबतीत माहेरचं नाव, सासरचं नाव आणि रेशनकार्डावरचं ‘बाई’ अशी तीन माणसं उभी राहतात. तेही जिवंतपणीच एक करून घेतलेलं बरं.

धंदेवाल्यांना मी एक गोष्ट आग्रहानं सांगते. पॉलिसी काढतानाच विवाहित स्त्री मालमत्ता कायद्याखाली, 1874 च्या, बायको-मुलांच्या नावे काढली तर नवरा ज्यांचं देणं लागतो त्यांना त्या पैशाला हात लावता येत नाही. नंतर हे जोडता येत नाही, फॉर्म भरतानाच लिहावं लागतं. संस्थेत बसून, संस्थेच्याच कर्जदाराला हे का सांगता, असं मला विचारलं गेलंय. कारण कर्ज वसूल करायला तारण आहे, जामीनदार आहेत, कर्जाचा वेगळा विमा आहे. पोरांच्या शाळेचे पैसे त्यात कशाला?

बीपीची गोळी लपवू नका, हेही इथंच सांगते. तीन वर्षं उलटल्यावर कंपनीला पॉलिसीवर बोट ठेवता येत नाही हे खरं, पण माणूस तीन वर्षं थांबेल याची हमी कोण देणार?

बँकेच्या खात्यातून वर्षाला 436 आणि 20 रुपये कापून जाणारे जे दोन सरकारी विमे आहेत, एक जिवाचा आणि एक अपघाताचा, ते पतसंस्थेच्या खात्यावर होत नाहीत आणि मला त्यातून काही मिळतही नाही. तरी पासबुक हातात आलं की मी मे अखेरीच्या नोंदी बघते. खात्यात त्या दिवशी पैसे नसले की विमा गळतो आणि घरात कुणाला पत्ता नसतो. माणूस अपघातात गेला तर दोन्ही मिळून 4 लाख होतात. मजुराच्या घराला ते थोडे नाहीत.

यात्रेला नाहीतर दिवाळीला गलाईवाली मंडळी गावी येतील. येताना जुन्या पॉलिसी, नवरा-बायको दोघांचं आधार आणि बँकेचं पासबुक घेऊन या, पॉलिसी कुणाकडूनही काढलेली असू दे. आणि शक्यतो दोघं मिळून या, कारण नॉमिनीच्या रकान्यात काय लिहिलंय हे तिनंही वाचलेलं मला हवंय.