तो चट्टा सोरायसिसचा नव्हताच

बारा वर्षं सोरायसिससारखा चिवट त्वचारोग काढल्यावर वाटायला लागतं, आपला चट्टा आपण अंधारातही ओळखू. मी त्याच तोऱ्यात होतो. दर रविवारी त्यावरची गोळी मेथोट्रेक्सेट 15 मिलिग्रॅम, सोमवारी फॉलिक ॲसिड म्हणजे रक्तपेशी घडायला लागणारं जीवनसत्त्व, अधूनमधून रक्ततपासणी. कोपरं-गुडघे जवळजवळ साफ.

गेल्या पावसाळ्यात पट्ट्याखाली, कमरेवर लाल चकती उठली. आमच्या चिपळूणला चार महिने पँट वाळतच नाही. म्हटलं, आला परत. घरातली जुनी स्टिरॉइडची ट्यूब चोळली. चार दिवस खाज बसली, मग चकती मांडीवर उतरली. मेडिकलमधून ‘याहून भारी’ ट्यूब आणली, चिठ्ठी कुणी मागितली नाही. रात्री बायको म्हणायची, "अहो, खाजवणं थांबवा, पलंग हलतोय!"

शेवटी स्किनच्या डॉक्टर मॅडमकडे गेलो. त्यांनी भिंग धरलं. सोरायसिसचा चट्टा सगळीकडे सारखा जाड, वर चंदेरी पापुद्रे. इथे मधला भाग निवळलेला आणि कड मात्र उठून आलेली. त्या कडेची साल ब्लेडने खरवडून काचेवर घेतली, वर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब. त्यात कातडीच्या पेशी विरघळतात, बुरशीचे धागे तेवढे दिसतात. "गजकर्ण आहे. ट्यूब आजपासून बंद."

रविवारच्या गोळीने प्रतिकारशक्तीला आधीच लगाम, त्यात स्टिरॉइडने लाली दाबून बुरशीला रान मोकळं. करणारा मीच.

बुरशीवरचं इट्राकोनाझोल सुरू झालं, भरल्या पोटी घ्यायचं. माझी रोजची ॲसिडिटीची गोळी बंद केली, कारण पोटात आम्ल कमी असलं की ही कॅप्सूल नीट शोषली जात नाही. मेथोट्रेक्सेट आणि हे, दोन्ही लिव्हरला जड. म्हणून रक्त पुन्हा तपासलं. तोवर बायकोच्या काखेतही चकती निघाली होती. मग टॉवेल वेगळे, कपडे गरम पाण्यात. चकत्या गेल्यावरही कॅप्सूल चालूच होती, ते मात्र जिवावर यायचं.

दिवाळीत मानेवर गळू झालं. गल्लीतल्या डॉक्टरांनी को-ट्रायमोक्साझोल हे अँटिबायोटिक लिहिलं. मी उठता उठता रविवारच्या गोळीचं बोललो. त्यांचा पेन थांबला. दोन्ही औषधं फॉलिक ॲसिडच्याच वाटेत आडवी येतात, एकत्र घेतली तर रक्तपेशी धोकादायक पातळीपर्यंत घटू शकतात. "हे आधी सांगायचं ना हो!" म्हणत त्यांनी ती ओळ खोडली.