उजेड आधी, चेहरा नंतर

काळा प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा हात, मारून ठेवलेला बस्ट, म्हणजे हौसेने रंगवायचा छोटा अर्धपुतळा, कुणाचाच नसतो. डोकं, खांदे आणि छातीपाशी संपलेलं रेझिन. नाकडोळे असतात खरे, पण सगळं काळंकुळकुळीत. मग एअरब्रशमध्ये, म्हणजे हवेच्या जोराने रंग फवारणाऱ्या पेनाएवढ्या यंत्रात, पांढरा भरायचा आणि फक्त वरून, अगदी हलका फवारा द्यायचा. कपाळ, गालांची हाडं, नाकाचा शेंडा, खालचा ओठ उजळतात. भुवयांखाली, नाकाखाली, हनुवटीखाली काळोख तसाच राहतो. त्वचेचा रंग अजून लागलेलाही नसतो आणि चेहऱ्यावर भर दुपारचं ऊन पडलेलं असतं.

या कामात एअरब्रशचा हात धरणारं कुणी नाही. ट्रिगर खाली दाबला की हवा, मागे ओढला की रंग. किती ओढायचा हे बोटालाच कळावं लागतं. नोझल 0.3 मिलिमीटरचं, हवेचा दाब साधारण 15 ते 20 पीएसआय. अ‍ॅक्रिलिक मात्र भलतंच उतावळं. बस्टवर पोचण्याआधी नोझलमधल्या सुईच्या टोकावरच वाळून बसतं आणि फवारा थुंकायला लागतो. रंग दुधाइतका पातळ हवा म्हणतात, ते खरंच आहे. त्याहून पातळ झाला की हवेच्या जोराने त्याला कोळ्यासारखे पाय फुटतात. तेलरंगवाल्यांना असले जाच नाहीत, पण एका थरासाठी दिवसेंदिवस थांबण्यापेक्षा मला हा उतावळेपणा परवडतो.

पण एअरब्रशला फक्त उजेड कळतो, चेहऱ्यातलं काही कळत नाही. नुसत्या एअरब्रशने रंगवलेले चेहरे गुळगुळीत, देखणे आणि दुकानातल्या कपड्यांच्या पुतळ्यांइतकेच निर्विकार दिसतात. माणूस आणायचा तर ब्रश हातात घ्यावा लागतो, आणि धीर करून नको वाटणारे रंग लावावे लागतात. गोऱ्या चेहऱ्याचं कपाळ किंचित पिवळट असतं. गाल, नाक आणि कान तांबूस, कारण तिथे रक्त कातडीच्या जवळ. दाढी केलेल्या पुरुषाचा जबडा निळसर करडा. सावळ्या चेहऱ्याच्या सावलीत जांभळा फार छान मुरतो. हे सगळं पाण्यासारख्या पातळ थरांत, आधीचा पूर्ण वाळल्यावर पुढचा. पहिल्या थराला काही झालं असं वाटतच नाही. चौथ्या-पाचव्या थराला गाल तापल्यासारखा दिसायला लागतो.

सावल्या जरा जास्तच गडद ठेवाव्यात, हे माझं ठाम मत. दोन-तीन मिलिमीटरच्या नाकाची खरी सावली हातभर अंतरावरून दिसत नाही. ती रंगवूनच दाखवावी लागते. जवळून भडक वाटलं तरी चालेल.

डोळे हा वेगळाच प्रकार. डोळ्यातला पांढरा कधीच पांढरा नसतो. थोडा करडा, कोपऱ्यात गुलाबी. वरच्या पापणीखाली गडद रेघ हवीच. आणि बुबुळ पूर्ण गोल काढलं की सेनापती असो की साधू, भूत पाहिल्यासारखा दिसतो. बुबुळाचा वरचा भाग पापणीखाली झाकलेला हवा. शेवटी सगळीकडे मॅट, म्हणजे न चमकणारं वॉर्निश, आणि डोळ्यांवर तेवढा चमकदार ग्लॉसचा ठिपका.

एअरब्रश म्हणजे लबाडी, असं मानणारी मंडळी अजून आहेत. त्यांनी खांद्यावरच्या झग्यावर उजेडापासून अंधारापर्यंतची सलग छटा ब्रशने एकदा उतरवून दाखवावी. उतरतेही म्हणा, पण त्यात किती संध्याकाळी जातात तेही सांगावं. तोवर मी सुई काढून साफ करतो. फवारायला लागतो त्याहून जास्त वेळ त्यातच जातो, आणि ही लबाडीची शिक्षा असेल तर ती पुरेशी आहे.