चंद्रीचा पीळ

"पाणमोट दिसंना, म्याडम. काल सकाळपासनं म्हस नुसती कळा देतीया."

फोनवर आजी होत्या. सकाळचे सव्वासहा वाजले होते. चहा तसाच ठेवला आणि पेटी उचलली.

दिवस भरलेत, कास उतरलीय, कळा येताहेत आणि दिवस उलटला तरी पाणमोट, म्हणजे रेडकाआधी येणारी पाण्याची पिशवी, दिसत नाही, असं कुणी सांगितलं की माझ्या मनात आधी पीळच येतो. गर्भाशयाला पडलेला पीळ. गाईंपेक्षा म्हशींमध्ये तो बराच जास्त सापडतो. म्हशीचं पोट ऐसपैस, गर्भाशय तोलून धरणारे पडदे सैल. शेवटच्या दिवसांत उठता-बसता, पाय घसरला की ते जड गर्भाशय स्वतःभोवती फिरतं आणि बाहेरची वाट पिळलेल्या फडक्यासारखी आवळते. मग कळा कितीही येऊ देत, रेडकू पुढं सरकत नाही.

मंगळवेढा तालुक्यातली ही वस्ती दवाखान्यापासून अकरा किलोमीटरवर आहे. चैत्री वारी नुकतीच होऊन गेली होती. रस्त्याच्या दोन्ही अंगांना काळं रान मोकळं पडलेलं, जागोजागी कडब्याच्या गंजी. इथल्या मालदांडी ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं ते दाण्यासाठी, पण इथली जनावरं उन्हाळा काढतात ती तिच्या कडब्यावर. सात वाजायच्या आतच ऊन डोळ्यांवर येऊ लागलं होतं. म्हशीसाठी हे वाईट. तिची कातडी काळी आणि घामाच्या ग्रंथी गाईपेक्षा कमी, त्यामुळे ऊन चढल्यावर तिला फार वेळ जमिनीवर पाडून ठेवता येत नाही. जे करायचं ते दहाच्या आत उरकायला हवं होतं.

ही वस्ती मला आवडते, हे आधीच सांगते. न्हाणीच्या पाण्यावर अळू आणि गवती चहा, त्याच्या पुढं कढीपत्ता, मांडवावर दोडक्याचा वेल, कुंपणाला शेंगांनी लगडलेले दोन शेवगे. दारातल्या कडुनिंबाला मोहोर आला होता आणि त्याचा मंद कडवट वास अंगणभर होता. बाजेवर जुनं लुगडं अंथरून कुरडया घातल्या होत्या आणि धाकटी नात हातात काठी घेऊन कावळे हाकत बसली होती. घराला एक खोली वाढवायचं काम चालू होतं, सेंट्रिंगचे चार गडी येऊन बसले होते. एका कोपऱ्यात रात्री व्यालेली उस्मानाबादी शेळी, तीन करडांची. दोन करडं आचळाला लुचत होती. तिसरं बारकं करडू भिंतीला टेकून थरथरत होतं. माझी नजर त्याच्यावर गेली, पण आधी म्हैस.

चंद्री गोठ्याबाहेर उभी होती. अस्सल पंढरपुरी. कपाळावर पांढरा टिळा आणि शिंगं खांद्याच्याही मागे गेलेली, या ठेवणीला भारकंड म्हणतात. पोटावर लाथ मारायची, बसायची, लगेच उठायची. निरणाची, म्हणजे योनीमुखाची, एक कड आत ओढल्यासारखी दिसत होती. मी हातमोजा चढवला, तेल लावलं आणि हात घातला. मनगटाच्या थोडं पुढं गेल्यावर वाट अरुंद झाली. तिथल्या घड्या बोटांना स्पष्ट लागत होत्या, वरून उजवीकडे वळत खाली जाणाऱ्या. उजवा पीळ. दोन बोटंच आत शिरत होती. रेडकापर्यंत पोचत नव्हती, म्हणजे ते जिवंत आहे की नाही हे कळायला मार्ग नव्हता.

गोठ्याच्या भिंतीच्या फटीत एका इंजेक्शनची रिकामी बाटली खोचलेली दिसली. "काल संध्याकाळी एकाला बोलावलं हुतं," आजींचा मुलगा खाली बघत म्हणाला. "म्हणाला कळा कमी पडत्यात, वाढवायचं देतो. सकाळपतूर वाट बगा." कळा वाढवायचं इंजेक्शन, तेही हात न घालता. पीळ असताना असं केलं तर गर्भाशय फाटू शकतं. मला राग आला, फार आला, पण तो त्या माणसावर होता आणि समोर जी माणसं होती ती रात्रभर जागी होती. आजी मात्र मला म्हणाल्या, "मी कालच म्हणत हुते, ही कळ येगळी हाय. ऐकतंय कोण?" ते मला लागलं. त्यांनी चाळीस-पन्नास वर्षं म्हशींची बाळंतपणं काढलेली, आणि पाणमोट आली नाही एवढं एकच लक्षण त्यांना पुरेसं होतं. माझी सगळ्यांना कळकळीची विनंती आहे. दिवस भरलेली म्हैस कळा देते आहे आणि दोन-तीन तासांत पाणमोट दिसली नाही, तर ओढाओढ नको, इंजेक्शन नको, सकाळची वाट नको. जवळच्या जनावरांच्या दवाखान्यात किंवा 1962 या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर लगेच फोन करा.

पीळ सोडवायची रीत ऐकायला विचित्र वाटते. ज्या बाजूचा पीळ त्या कुशीवर म्हशीला पाडायचं, पुढचे दोन पाय वेगळे आणि मागचे दोन वेगळे बांधायचे, पोटावर एक लांब फळी तिरपी ठेवून तिचं एक टोक जमिनीला टेकवायचं आणि फळीवर माणूस उभा करायचा. फळीखाली गर्भाशय जागच्या जागी दाबून राहतं, आणि बाकीची म्हैस पाठीवरून हळूहळू पलटी करायची, पीळ ज्या दिशेचा त्याच दिशेला. सेंट्रिंगच्या गड्यांना हे उमगेना. "पीळ उजवीकडं हाय तर पुन्यांदा उजवीकडंच?" आजींनी चऱ्हाटाचा तुकडा घेतला, पीळ भरला, एक टोक नातवाच्या मुठीत दिलं. "ह्ये गच धर. ही पोटातली पिशवी." आणि दुसरं टोक पिळाच्याच अंगानं फिरवलं. चऱ्हाट मोकळं झालं. "म्हशीला फिरवायचं, पिशवीला न्हाई." मी पाच वर्षं शिकले त्यातला हा भाग मला इतका सोपा करून कुणी सांगितला नव्हता.

फळी शोधताना थोडा वेळ गेला. रान सपाट करायच्या मैंदाची फळी आणली ती जाड आणि आखूड. शेवटी गड्यांनी सेंट्रिंगची दहा फुटी फळी काढून दिली. कडुनिंबाच्या सावलीत चघाळ पसरलं, त्यावर गोणपाट, त्यावर पाणी. दोर टाकून चंद्रीला उजव्या कुशीवर बसवलं. तिच्या शिंगांची मला सगळ्यात जास्त धास्ती होती. आखूड शिंगांची म्हैस पलटी करणं सोपं, पण ही हात-दीड हात लांब मागे गेलेली शिंगं पाठीवर येताना मातीत रुतली तर मान मुरगळते. म्हणून डोक्याखालची माती कुदळीनं भुसभुशीत करून घेतली आणि आजींच्या मुलाला डोक्यापाशी ठेवलं. अंग फिरेल तसं डोकं उचलून फिरवायचं, दुसरं काही बघायचं नाही.

फळीवर उभं राहायला वजन बेताचं हवं. सून पुढं आली आणि थबकली. "लक्ष्मीच्या अंगावर पाय कसा देऊ?" तिनं वाकून चंद्रीच्या पोटाला हात लावला, तो कपाळाला लावला, पदर खोचला आणि माझ्या खांद्याला धरून फळीवर चढली.

पहिली पलटी. घाईत झाली. हात घातला, घड्या तशाच. पुन्हा उठवून उजव्या कुशीवर घेतली. दुसरी पलटी. वाट जराशी सैल, पण सुटलेली नाही. चंद्री धापा टाकत होती, जीभ बाहेर. आजी तांब्यानं तिच्या कपाळावर पाणी सोडत होत्या आणि अखंड बोलत होत्या, "झालं गं बाय, झालं, येवडीच एक डाव." मी सगळ्यांना थांबवलं. पाच मिनिटं नुसतं पाणी मारलं. तिसऱ्या वेळी मीच मोजत राहिले, एकेका अंकाला वीतभर, त्याहून जास्त नाही. सून फळीवर सरकत सरकत तोल सांभाळत होती. म्हैस पाठीवर आली, पलीकडे कलली, आणि मागून भळाभळा पाणी आलं. माझा अख्खा हात सरळ आत गेला. घड्या गेल्या होत्या.

"सुटली!" कुणीतरी ओरडलं. मी ओरडले नाही. ते पाणी तांबूस तपकिरी होतं आणि त्याला वास होता.

खूर हाताला लागला. दोन नख्यांमधली जागा जोरात चिमटली. जिवंत रेडकू पाय मागे ओढतं. हा पाय हलला नाही. तोंडात बोट घातलं. जीभही हलली नाही. मी मान वर केली तर आजी माझ्याकडेच बघत होत्या. त्यांनी विचारलं नाही. डोक्यावरचा पदर थोडा पुढं ओढला आणि पुन्हा पाणी सोडायला लागल्या.

पिशवीचं तोंड पुरतं उघडायला सव्वा तास गेला. औषध दिलं, सलाईन लावली. मग दोर बांधून, कळेबरोबर थोडं थोडं ओढत बाहेर काढलं. रेडी होती. कपाळावर आईसारखाच टिळा. साडेदहा वाजले होते, म्हणजे मी ठरवलेली वेळ उलटून गेली होती. फोन आदल्या संध्याकाळी आला असता तर, हे माझ्या मनात येत राहिलं आणि अजूनही येतं.

मुलगा रेडीला पोत्यात घालू लागला, आजींनी हात धरला. "तिला चाटू दे आदी." चंद्री उभी राहिली होती, पाय लटपटत होते. तिनं रेडीला डोक्यापासून शेपटीपर्यंत चाटलं. मधूनच नाकानं ढकलायची, ऊठ म्हटल्यासारखं. कावळे हाकणारी नात काठी टाकून तिथं येऊन उभी राहिली होती. कुणी तिला हटकलं नाही.

प्रतिजैविक टोचण्याआधी मी चीक काढून घ्यायला सांगितला. त्यानंतरचं दूध किती दिवस वापरायचं नाही तेही सांगितलं. आजी चरवी घेऊन बसल्या. रेडकू नाही तर म्हैस पान्हावेल का ही शंका सगळ्यांनाच होती. कासेला आजींनी कोमट पाण्यानं शेकलं, सडांवरून हात फिरवला, गळ्यातल्या गळ्यात काहीतरी गुणगुणल्या. पिवळाजर्द, घट्ट चीक धारेला लागला. "आता खरवस घालून कुणाच्या तोंडात घास जाईल," सून म्हणाली.

तेव्हा मला ते तिसरं करडू आठवलं. ते अजून भिंतीशीच होतं. तोंडात बोट घातलं तर गार, पण बोट चोखलं त्यानं, हलकंसं. त्याला जन्मून बारा तासही झाले नव्हते, चिकाचा उपयोग होण्यासारखी वेळ होती. म्हशीचा चीक करडाला द्यायचा म्हणजे बेतानं, थोडा थोडा. अर्धी वाटी कोमट करून पाण्याच्या बाटलीला निपल लावलं. पहिल्यांदा सगळा ओघळून गेला. आजींनी करडू मांडीत घेतलं, पदरात गुंडाळलं आणि त्याचा घसा वरून खाली चोळला. चौथ्या-पाचव्या प्रयत्नाला त्यानं गिळला.

तिसऱ्या दिवशी टोचायला गेले तेव्हा चंद्री कडबा खात होती, वारही व्यवस्थित पडली होती. रेडीला आंब्याच्या आळ्यात पुरलं होतं, तिथली माती ओली होती. सेंट्रिंगची फळी गड्यांनी धुऊन छताला ठोकलीही होती. आजी धार काढायला बसल्या आणि ते बारकं करडू कुठूनसं धावत येऊन त्यांच्या पाठीला ढुशा द्यायला लागलं.

"थांब की रं," आजी म्हणाल्या आणि एक हात मागे करून त्याला कुशीत ओढलं.