ऊन चढायच्या आत

रविवार, दुपार. मे महिना.

उन्हाळ्यात गच्चीवर काही टिकत नाही, असं आमच्या सोसायटीत बरेच जण म्हणतात. मला ते पटत नाही. पालक, मेथी, फ्लॉवर यांचा हट्ट सोडला तर एप्रिल-मे हे वेलभाज्यांचे दिवस आहेत. काकडी, दोडका, घोसाळं, दुधी यांना ऊन हवंच असतं. फक्त मुळाशी गारवा लागतो आणि पाणी वेळच्या वेळी लागतं. होळीच्या आधी बी टोकलं की अक्षय तृतीयेच्या सुमारास काकड्या हाताला यायला लागतात. आमच्या प्रत्येक ड्रममध्ये मातीवर वाळक्या पानांचा जाड थर आहे, डोक्यावर हिरवी शेडनेट आहे, आणि तांदूळ-डाळी-भाज्या धुतलेलं पाणी बादलीतून वर जातं. पुणं बरंचसं खडकवासल्याच्या पाण्यावर जगतं. अशा ठिकाणी मे महिन्यात पाइप सोडून बाग भिजवायची, हे मनाला पटतच नाही.

आज नणंद, तिचे यजमान आणि भाचा यायचे होते. वेळ साडेदहा-अकराची ठरवली होती, ब्रंचची. उन्हाळ्यात मला हीच वेळ सगळ्यात बरी वाटते. भर दुपारी एक वाजता वरण-भात-पोळी-भाजीचं पूर्ण ताट समोर आलं तरी कोणाला जेवण जात नाही. भाजीच्या दृष्टीनेही हिशेब बरोबर बसतो. उजाडताना खुडलेलं साडेदहाला ताटात येतं. मध्ये फ्रिज नाही, ओलं फडकं नाही, काही नाही.

सकाळी खुडण्याचा फरक हाताला कळतो. रात्रभर वेल पाणी ओढत असतो, त्यामुळे उजाडताना फळ अगदी टरारलेलं असतं. तोच वेल दुपारी दोनला पानं खाली टाकून उभा असतो. काकडीत साधारण 95 टक्के पाणीच असतं आणि देठ तुटला की ते उडायला लागतं. बाजारातली काकडी आदल्या दिवशी शेतातून निघते, रात्रीतून गुलटेकडीला मार्केट यार्डात येते, तिथून मंडईत किंवा कोपऱ्यावरच्या गाडीवर जाते आणि मग आपल्या पिशवीत पडते. तोवर तिच्यातलं पाणी कमी झालेलं असतं. मंडईला मी नावं ठेवत नाही. 1886 सालची ती दगडी इमारत मला मनापासून आवडते, आणि आजचं आलं, लिंबं, लोणी तिथूनच आलं आहे. पण पहाटेची काकडी मंडई देऊ शकत नाही. ती घरीच लावावी लागते.

आज हाती लागलं ते असं: वीतभर लांबीच्या कोवळ्या काकड्या, दोन दोडके, घोसाळी, ओंजळभर भेंडी, हिरव्या मिरच्या आणि टोमॅटोच्या रोपांवरचे शेवटचे टोमॅटो. पारा पस्तिशीच्या वर राहायला लागला की टोमॅटोची फुलं फळ न धरता गळतात, म्हणून हे बहुधा या मोसमातले अखेरचे. बेत मी आदल्या रात्री कधीच ठरवत नाही. परडी ओट्यावर रिकामी केली की काय करायचं ते कळतं. परडीत नसलेल्या भाजीसाठी धावाधाव केली की ब्रंच दमवणारं होतं आणि बागेतलं तसंच वाळत राहतं.

थालीपीठ तर करायचंच होतं, काकडीचं. याबद्दल जरा सविस्तर लिहून ठेवते, कारण नणंदेनेही आज तेच विचारलं.

काकडीच्या देठाकडचा तुकडा आधी चाखायचा. वेलाला पाण्याचा ताण पडला की कडवटपणा येतो आणि तो देठाकडे जास्त असतो. कडू नसेल तर सालासकट किसायची. किसाला मीठ लावून दहा मिनिटं ठेवून द्यायचं. मीठ पाणी ओढून बाहेर काढतं आणि ताज्या काकडीतून इतकं पाणी सुटतं की परातीच्या तळाशी डबकं साचतं. खूप जणी इथे कीस पिळून पाणी मोरीत ओतून देतात. तसं अजिबात करू नये. सगळी चव त्या पाण्यातच आहे. त्यातच भाजणी भिजवायची. त्यात बारीक चिरलेली मिरची, कोथिंबीर, तीळ, चिमूटभर ओवा, हळद, तिखट. मीठ परत घालायचं नाही. आणि वरून एक थेंब पाणी नाही.

"अगं, कोरडं वाटतंय ना? थांब जरा, ती अजून सोडेल," सासूबाई शेजारी लसूण सोलत बसल्या होत्या, त्या म्हणाल्या. तेच झालं. पाच मिनिटांत पीठ असं मऊ आलं की ओल्या फडक्यावर थापताना कड फाटलीच नाही. मध्ये भोकं पाडायची, लोखंडी तव्यावर टाकायचं, भोकांतून तेल सोडायचं आणि झाकण ठेवायचं. झाकणाखाली आधी काकडीचा वास येतो, मग भाजलेल्या धन्याचा. कड तपकिरी झाली आणि उलथनं खालून सहज फिरलं की उलटायचं. बाहेरून खरपूस, आत ओलसर, असं थालीपीठ साध्या पाण्यात भिजवलेल्या पिठाचं होत नाही. भाजणीतल्या डाळी पाणी भरपूर पितात, ते काकडीने आतून पुरवलेलं असतं.

दोडक्याची भाजी केली नाही. नुसत्या शिरा सोलून घेतल्या. कोवळ्या शिरा थोड्या तेलावर कुरकुरीत होईपर्यंत परतायच्या, मग तीळ, सुकं खोबरं, लसूण, मिरच्या भाजून सगळं जाडसर वाटायचं. थालीपीठ, वर लोण्याचा गोळा, बाजूला ही चटणी. बाकीचा दोडका रात्री मुगाच्या डाळीत जाईल.

घोसाळ्याची भजी. चकत्या पातळ नकोत, नाहीतर तेलातच विरघळतात. डाळीच्या पिठात थोडं तांदळाचं पीठ आणि ओवा, बस्स.

टोमॅटोचं आमलेट केलं ते मुख्यतः भाच्यासाठी. ते अंड्याशिवायचं, डाळीच्या पिठाचं, आमच्याकडे पूर्वीपासून होतं तसं. घरचे टोमॅटो लहान आणि चांगलेच आंबट होते, त्यामुळे चिमूटभर साखर पडली. भेंड्या बोटाएवढ्याच होत्या. उभ्या चिरून तव्यावर कडक परतल्या आणि वाढायच्या क्षणी दह्यात सोडल्या. आधी घातल्या की तार सुटते. भेंडी उन्हाळ्यात एक दिवस जरी वेळेवर खुडली नाही तरी रेषाळते. परवाच्या पानाआड राहिलेल्या दोन तशाच वाळू दिल्यात, बियांसाठी.

ताटं फार भरली नव्हती आणि ते मला हवंच होतं. एक थालीपीठ, एक लहान आमलेट, चार भजी, दह्यातली भेंडी, पुदिना घातलेलं ताक. नणंदेचे यजमान फारसं बोलत नाहीत, पण त्यांनी तिसरं थालीपीठ मागून घेतलं. भाचा काकडी हातात घेऊन आला. "मामी, ही अशीच खाऊ?" म्हटलं, खा की. त्याने मधोमध मोडली तेव्हा कट्ट आवाज झाला आणि मोडलेल्या जागी पाण्याचे थेंब उभे राहिले. घरी तो काकडीला हात लावत नाही म्हणे. आज त्याने एक अख्खी संपवली आणि जाताना डब्यात दोन घेऊन गेला. मला यात नवल वाटत नाही. मुलांना भाजी आवडत नाही असं आपण म्हणतो, तेव्हा त्यांना मिळालेली भाजी किती जुनी होती हे आपण बघतच नाही.

मग तो वेलाजवळ उभा राहून बराच वेळ विचारत होता. त्याला दुधीची मादी फुलं दाखवली. फुलाच्या मागे आधीपासूनच बोटाच्या पेराएवढा, लव असलेला दुधी असतो. नर फुलाला नुसता लांब देठ. आमच्या मजल्यावर मधमाश्या कमी येतात, आणि दुधी फुलतो संध्याकाळी, म्हणून दिवेलागणीला नर फूल खुडून, त्याच्या पाकळ्या मागे सारून मादी फुलाला हाताने परागकण लावायला लागतात. उन्हाळ्यात नर फुलंच जास्त येतात, त्यामुळे एखादं मादी फूल दिसलं की सोडायचं नाही. घोसाळ्याचं उलट आहे. त्याची पिवळी फुलं सकाळी उमलतात आणि तिथे माश्या आपलं काम करून जातात. "मी संध्याकाळपर्यंत थांबू का?" असं त्याने आईला विचारलं, पण उद्या त्याचं शिबिर आहे.

नणंदेला एक गोष्ट बजावून सांगितली, ती इथेही लिहिते. दुधी, दोडका, काकडी, काहीही असो, चाखल्यावर कडू जहर लागलं तर टाकून द्यायचं. साखर-गूळ घालून, शिजवून चालवून घ्यायचं नाही. दुधीचा रस काढणाऱ्यांनी तर आधी तुकडा चाखलाच पाहिजे. कडू दुधीने माणसं खरोखर गंभीर आजारी पडतात.

परवा वळीव येऊन गेला, तेव्हापासून दोडक्याने जाळीच्या वर हात काढले आहेत. पुढच्या रविवारी दुधी तयार असेल, त्याची धिरडी करीन, किसाच्या पाण्यात तांदळाचं पीठ कालवून. अंबाडीही खुडायला येईल, पण ती ज्वारीच्या कण्यांबरोबर, वेगळी. डबा बघितला तर भाजणी संपत आली आहे. उद्या गिरणीत द्यायची तर आजच धान्यं वेगवेगळी भाजून गार करायला हवीत. ज्वारी जास्त घेते, बाजरी अगदी मूठभर. सासूबाईंच्या मते मे महिन्यात तेवढीही नको.