साहेबाचे ओटे आणि तीस वर्षांचा फरक

मंगळवारी लॅबमध्ये चहा पिताना मी अभिमानाने सांगितलं, की आपण रोज ज्या हेलियम वायूचा झोत वापरतो तो आमच्या विजयदुर्ग किल्ल्यावर सापडला. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर, 18 ऑगस्ट 1868, खग्रास सूर्यग्रहण. समोरच्या सीनियर बाई शांतपणे म्हणाल्या, "तेव्हा ते इंग्लंडातच होते ना?" माझे कान तापले. देवगड तालुक्यात वाढलेल्या मुलीला हे ऐकवायचं! लॉकियरसाहेबांनी जिथून ग्रहण पाहिलं म्हणतात, त्या किल्ल्यावरच्या साहेबाच्या ओट्यांवर बसून शाळेच्या सहलीत आम्ही डबे खाल्लेत.

रात्री जुने अहवाल उघडले. बाईंचं खरं निघालं. 1868 च्या ग्रहणाला फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सन गुंटूरला होते. लॉकियरनी सूर्याच्या कडेच्या प्रकाशातली हेलियमची ती पिवळी रेघ त्याच ऑक्टोबरात इंग्लंडातून पाहिली. पण ते विजयदुर्गाला आलेच नाहीत, असंही कोणी म्हणू नये. 22 जानेवारी 1898 च्या खग्रास ग्रहणाला ते पथक घेऊन तिथेच होते. ओटे बहुधा तेव्हाचेच.

आई दर फोनला विचारते, "थंय तू करतंस तरी काय गो?" आई, धातूवर चिकटलेले अणू-रेणू कसे फिरतात ते मी बघते. ठिकरी खेळताना आपण एका घरातून दुसऱ्या घरात उडी मारतो, तसे तांब्यावर सोडियमचे अणू उड्या मारतात. ग्राफाइटवरचा बेंझिन मात्र पावसाळ्यात शेवाळलेल्या चिऱ्यांवरून पाय जावा तसा घसरत जातो. केंब्रिजच्या गटाने 2009 मध्ये त्याचं घर्षणही मोजलं. एकट्या रेणूचं घर्षण!

हे बघायला इलेक्ट्रॉनांचा झोत मारला तर असा रेणू जागचा हलू शकतो, म्हणून हेलियमचा झोत. हेलियम आत शिरतच नाही, वरच्या इलेक्ट्रॉनांच्या ढगाला टेकून परततो. आम्ही हेलियम-3, म्हणजे हेलियमचा हलका प्रकार, वापरतो. त्याच्या केंद्रकाला स्पिन असतो, म्हणजे ते इवल्याशा चुंबकासारखं वागतं, म्हणून चुंबकीय क्षेत्राने एकाच अणूची लाट दोन भागांत फोडता येते. एक भाग आधी पोचतो, दुसरा काही पिकोसेकंदांनी मागून. पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा लाख कोटीवा भाग. परतल्यावर दोन्ही पुन्हा जुळवायचे. मधल्या वेळात रेणू हलला असेल तर जुळणी बिघडते आणि स्क्रीनवरचा जुळणीचा वक्र खाली उतरतो. कोन बदलत गेलं की हा उतार कसा बदलतो, त्यावरून उडी की घसरण ते ओळखायचं. पहिल्यांदा तो वक्र उतरताना पाहिला तेव्हा मी खुर्चीतून उठलेच नाही, जेवायचंही राहिलं.

हेलियम-3 ट्रिटियमच्या, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजनच्या, ऱ्हासातून मिळतो, भयंकर महाग. तो बाहेर सोडत नाही, पंपाने खेचून पुन्हापुन्हा वापरतो. नारळाच्या चोथ्यातून तिसरा रस काढणाऱ्या आईला हे लगेच पटेल.

बुधवारी मी बाईंना 1898 चा अहवाल दाखवला. त्यांनी तो पूर्ण वाचला, नकाशावर किल्ला शोधला.

दादा, 18 ऑगस्टला हेलियम दिनाला शाळेच्या मुलांना घेऊन किल्ल्यावर जाशील, तेव्हा साल नीट सांग. आणि ओट्यांचा एक चांगला फोटो पाठव, बाईंनी मागितलाय.