घरातले तुरिनकर

आमच्या रत्नागिरीच्या घरात एके काळी दोन तुरिनकर राहायला होते आणि चाळीस वर्षं कुणाला त्याचा पत्ता नव्हता. एक पडवीत उभा असायचा. दुसरा आईच्या लोखंडी कपाटात, पैठणीच्या मागे, पिवळ्या फडक्यात गुंडाळलेला.

पडवीतली बाबांची विजय सुपर स्कूटर. कपाटातला मामाने ८२ साली मस्कतहून आणलेला निकॉन ईएम कॅमेरा.

तुरिन म्हणजे इटलीतलं मोटारींचं गाव. फियाट तिथली, आणि गाड्यांना रूप देणारी नामांकित मंडळीही बहुतेक तिथलीच. आपल्याकडे गायकीची घराणी असतात तशी तिथे पत्र्याची घराणी: बर्टोने, पिनिनफारिना, गिया. एकात तालीम घ्यायची, दुसऱ्यात थोडी वर्षं काढायची आणि हात तयार झाला की आपलं स्वतःचं मांडायचं. या घराण्यांनी फेरारी केल्या, लँबोर्गिनी केल्या, हे पोस्टरवर बघून ठाऊक होतं. तीच माणसं रिकाम्या वेळात (की पोटासाठी?) स्कूटर, कॅमेरा, किटली, शिवणयंत्र असलंही करत बसत, हे कळायला मला पन्नाशी गाठावी लागली.

बाबांनी स्कूटर घेतली तेव्हा जगात बजाज होती आणि मग बाकीच्या होत्या. बजाजला नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघावी लागे. बाबांचं लग्न ठरलेलं, थांबायला सवड नव्हती, म्हणून विजय सुपर. शेजारच्या काकांच्या बजाजचं अंग कसं गोलमटोल, ताटात बसलेल्या मोदकासारखं. आमची लांबोडकी, सडपातळ, पुढे चौकोनी दिवा. लहानपणी मला ती जरा उपाशीच वाटायची. सकाळी तिला एका अंगावर कलती करायची, मग किक मारायची. हा विधी तेव्हा गल्लीतल्या कुठल्याच स्कूटरला चुकत नसे. मी पुढे हँडलला धरून उभी, आई मागे एका बाजूला पाय सोडून बसलेली, आणि महिन्यातून एकदा पाय ठेवायच्या जागेत गॅसचा सिलिंडर. सिलिंडर असला की मला घरी ठेवत.

तर ही विजय सुपर मुळात मिलानच्या इनोसेंती कंपनीची लँब्रेटा. साठच्या दशकाच्या अखेरीस कंपनीला तिचं रूप पालटायचं होतं. काम गेलं तुरिनच्या बर्टोनेकडे. त्यांनी तिच्या अंगावरची सगळी सूज उतरवली आणि १९६९ मध्ये जीपी नावाची, इटलीत डीएल म्हणून विकली गेलेली, ती लांबोडकी लँब्रेटा आली. दोनच वर्षांत इनोसेंतीने स्कूटर काढणंच बंद केलं. १९७२ मध्ये लखनौला स्कूटर्स इंडिया ही सरकारी कंपनी निघाली आणि इटलीतली यंत्रं, साचे उचलून तिकडे आणले गेले. त्या साच्यांतून पुढे आमची पडवीतली बाहेर पडली.

आणि बर्टोने म्हणजे कोण? ज्यांच्याकडे मार्चेल्लो गांदिनी नावाच्या मुलाने लँबोर्गिनी मिउरा काढली ते. १९६६ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात ती उभी राहिली तेव्हा तो २७ वर्षांचा होता. १९७१ मध्ये त्याचीच कुंटाश. हे नाव म्हणजे तिथल्या पिडमाँटी बोलीतला उद्गार, काही अचाट दिसलं की तोंडातून सुटणारा, आपलं ‘आयला!’ म्हणा. आमच्या स्कूटरची रेघ नेमकी कुणाच्या पेन्सिलीतली ते सोडा, छप्पर तर तेच होतं. मी हे सगळं बाबांना मोठ्या उत्साहाने सांगितलं. त्यांनी पेपर खाली ठेवला, थोडा विचार केला आणि म्हणाले, "म्हणजे मी लँबोर्गिनीवरून सिलिंडर आणत होतो तर."

कॅमेऱ्याची गोष्ट वेगळी. तो घरात आला तोच मोठ्या मानाने. मामा मस्कतला होता, दर दोन वर्षांनी यायचा आणि त्याच्या बॅगेला परदेशी साबणाचा वास यायचा. ईएम लहान होता, बाईच्या पर्समध्ये मावेल एवढा, आणि त्याला एक खोड होती: उजेड कमी असला की बटणावर बोट टेकताच बारीक आवाजात ‘टीं’ करायचा. ताईच्या लग्नात मामा अगदी बोहल्याशी उभा होता. भटजींनी ‘सावधान’ म्हटलं की पाठोपाठ ‘टीं’. दुसऱ्या मंगलाष्टकाला पुन्हा तेच. भटजींनी डोळे वटारले तेव्हा मामा म्हणाला, "गुरुजी, तोही सावधानच म्हणतोय. उजेड नाही, हात हलेल, असं सांगतो." पुढे आमच्या घरात अंधारात कुणी काही करायला गेलं की सगळे ‘टीं’ म्हणायचे. स्वयंपाकघरात दिवा न लावता आई भाजी चिरायला बसली की हमखास.

हा ईएम १९७९ चा, आणि त्याचं रूप काढणाऱ्याचं नाव जॉर्जेत्तो जुजारो. बाबा म्हणाले, "जुजारो काय, झुंजार म्हण सरळ." तेव्हापासून आमच्याकडे तो झुंजारराव.

झुंजारराव १९३८ च्या ऑगस्टमधला, पिडमाँटमधल्या गारेस्सिओ गावचा. आजोबा चर्चच्या भिंतींवर चित्रं काढणारे, वडीलही रंगकामातले. पोरगा चित्रं शिकायला तुरिनला आला आणि १७ व्या वर्षी फियाटमध्ये लागला. मग बर्टोने, मग गिया, आणि १९६८ मध्ये स्वतःचं इटालडिझाइन. म्हणजे गांदिनी बर्टोनेकडे आला तो याच्याच सोडलेल्या खुर्चीवर. दोघांचा जन्म एकाच महिन्यातला, १९ दिवसांच्या अंतराने. पत्रिका बघणाऱ्यांनी यावर काय म्हणायचं ते म्हणावं.

१९७४ ची फोक्सवॅगन गोल्फ त्याची. १९८० ची फियाट पांडा त्याची, आणि मला ती सगळ्यांत आवडते. सपाट पत्रा, सपाट काचा, सीटचं कापड काढून धुवावं आणि वाळत घालावं अशी सोय. गाडी कसली, संसाराला लागणारं भांडंच. आपल्या रस्त्यांवर त्याची उनो फिरली, ती कुर्ल्यात बनायची. मग मॅटिझ. ती आधी त्याने फियाटसाठी ‘लुच्चोला’ म्हणून मांडली होती. नाव ऐकून दचकू नका, इटालियनमध्ये त्याचा अर्थ काजवा. फियाटने नाही म्हटलं, कोरियाच्या देवूने उचलली, आणि काजवा आमच्या कॉलनीत तीन घरांसमोर येऊन बसला.

निकॉनने त्याच्याकडून ईएमपेक्षा मोठं काम करून घेतलं ते एफ३ चं, १९८० मध्ये. एका ओळखीच्या छायाचित्रकाराने तो माझ्या हातात दिला होता. नुसतं शरीर ७०० ग्रॅमच्या वर, भिंग वेगळं. पण उचलल्यावर उजव्या हाताची बोटं आपोआप एका बारक्या उंचवट्यावर जाऊन बसतात आणि त्या उंचवट्याच्या कडेने एक उभी लाल रेघ. सगळा कॅमेरा काळा, त्यात कुंकवाच्या बोटाएवढी ही रेघ. तिला काही काम नाही. पण त्यानंतर निकॉनच्या कॅमेऱ्यावर बोटाखाली कुठे ना कुठे लाल खूण उरलीच, आजही आहे. बॅटरीवर चालणारा कॅमेरा म्हणून जुने लोक आधी नाकं मुरडत होते. पुढे एफ४ आला, एफ५ आला, तरी हा वीस वर्षं निघत राहिला. यात एकच जागा वापरणाऱ्यांना कायम खुपली. आतला आकडा अंधारात दिसावा म्हणून जे बटण दिलंय ते मुगाच्या डाळीएवढं, आणि दाबायला नखच पाहिजे. मोटारवाला माणूस, दिव्याचं बटण देताना कसा चुकला कोण जाणे.

पण खरी फजिती झाली ती स्वयंपाकघरात. १९८३ मध्ये नेपल्सच्या व्होइएल्लो या पास्तावाल्यांनी झुंजाररावाला सांगितलं, आम्हाला नवा आकार काढून दे. त्याने काढला. नाव मारिल्ले. दोन नळ्या शेजारी शेजारी चिकटलेल्या, एकीला पुढे लाटेसारखा पदर, आतून बारीक रेघा, रस्सा धरून ठेवायला. मोटारीचा आराखडा असावा तसं त्याचं चित्र आहे. मी ते फोनवर मोठं करून आईला दाखवलं. तिने चष्मा वर केला, खाली केला.

"हे काय, कुरडई?"

"पास्ता आहे. गाड्या काढणाऱ्या माणसाने काढलाय."

"शिजतो का?"

मी वाचत होते ते तिला सांगितलं: नाही, सगळीकडून सारखा शिजत नसे, थोड्याच काळात बाजारातून गेला.

"जाणारच," आई म्हणाली. "मधे बघ, दोन भिंती एकत्र आल्यात तिथे जाड झालंय. ते शिजेपर्यंत हा पदर लगदा होणार. चकलीचा सोऱ्या बघितला असता तरी कळलं असतं. काटा कितीही काढ, जाडी सगळीकडे एकच लागते."

तुरिनच्या एवढ्या मोठ्या माणसाची तिने अर्ध्या मिनिटात पाठवणी केली आणि वर विचारलं, "त्याच्या बायकोला विचारलं नाही का त्याने?"

त्यानंतर झुंजाररावाने बास्केटबॉल केला, आठाच्या ऐवजी बारा तुकड्यांचा. लोझानच्या कॅथेड्रलमधल्या ऑर्गनचं रूप केलं, २००३ चं, ७ हजारांवर नळ्यांचं; आपल्याकडे ऑर्गन म्हटलं की नाटकातली पायपेटी डोळ्यांसमोर येते, तिच्या तिथे किती पिढ्या बसतील याचा हिशेब नको. आणि गारेस्सिओच्या झऱ्याचं पाणी विकतात त्या बाटलीलाही अंगभर थेंब उठवून दिले. गावच्या पाण्याला गावच्या पोराने. हे मला पास्त्यापेक्षा पटलं. ओल्या हातातून ती निसटणार तरी नाही.

ही खोड एकट्या तुरिनची नव्हे. जर्मनीत फर्डिनांड अलेक्झांडर पोर्शेने, म्हणजे मूळ पोर्शेच्या, ९११ गाडी काढणाऱ्या नातवाने, १९७२ मध्ये घरची कंपनी सोडून स्वतःची पोर्शे डिझाइन काढली आणि पहिलं काय केलं, तर घड्याळ, संपूर्ण काळं. गाडीच्या डॅशबोर्डवरची तबकडी काळी ठेवतात, डोळ्यांवर चमक येऊ नये म्हणून. तीच मनगटावर बांधली. नंतर सीमेन्ससाठी किटली, टोस्टरही. बरं दिसतं सगळं. मला त्याबद्दल जास्त बोलावंसं वाटत नाही, किटलीने पाणी तापवावं.

पिनिनफारिनाचं मात्र नावच गोड. बतिस्ता फारिना ११ भावंडांतला दहावा, म्हणून ‘पिनिन’, म्हणजे धाकटा. आपल्याकडचा बाळू. १९६१ मध्ये सरकारी हुकमाने टोपणनाव आणि आडनाव एकत्र करून घराण्याचं नाव पिनिनफारिना झालं. बाळूजोशी अँड सन्स, आणि त्यांच्या फेरारी! यांनी २००६ च्या हिवाळी ऑलिंपिकची मशाल केली, जवळपास २ किलोची, धावणाऱ्यांचे हात भरून यावेत अशी. २०१५ च्या डिसेंबरात महिंद्राने हे घराणं विकत घ्यायचा करार केला. बाबा म्हणाले, "शेवटी तुरिनकर मुंबईकर झाले."

पण या सगळ्यांत मला ज्याच्याविषयी काही वाटतं तो पिओ मांझू. शिल्पकाराचा मुलगा, १९३९ चा. फियाट १२७ त्याची. फावल्या वेळात त्याने एक छोटं टेबलावरचं घड्याळ केलं होतं, आणि एका दिव्याची चित्रं काढून ठेवली होती: छतापासून जमिनीपर्यंत उभा दांडा, त्यावर वरखाली सरकणारा दिवा. १९६९ च्या मे महिन्यात तुरिनला जाताना गाडीच्या अपघातात तो गेला. तिशीच गाठली होती. १२७ बाजारात आलेली त्याने पाहिली नाही. दिव्याची चित्रं आकिल्ले कास्तिलिओनीच्या हाती आली. त्याने दांड्याऐवजी पोलादी तार ताणली, खाली वजन लावलं आणि दिवा बसवायला एक वाकवलेली नळी घेतली. तार तिच्यातून अशी वळण घेत जाते की स्क्रू, खिटी काही लागत नाही. ढकलला की सरकतो, सोडला की नुसत्या घासण्याने तिथेच राहतो. नळीचा आकार गोल कंसासारखा, म्हणून नाव ‘पारेंतेसी’, कंस. १९७१ मध्ये तो बाजारात आला. एकाने उघडलेला कंस दुसऱ्याने मिटवला, असं मनात येतं खरं, पण कास्तिलिओनीने मुळात कंस एकच ठेवलाय. उघडाच.

परवा कपाट आवरताना पिवळं फडकं हाताला लागलं. ईएमच्या मागच्या झाकणातला फोम विरघळून काळा चिकटा झालेला, बाकी ठीक. घड्याळजीकडून दोन बटणसेल आणले. रोल नव्हताच. झाकण लावून लिव्हर ओढत आकडा १ वर आणला, त्याआधी याचा मीटर जागा होत नाही. आई खिडकीकडे पाठ करून कोथिंबीर निवडत होती, बाहेर पाऊस आणि दुपारीच अंधारलेलं. मी तिच्याकडे भिंग धरून बटणावर बोट टेकलं.

‘टीं.’

आईने मान वर केली नाही. "दिवा लाव," म्हणाली.