वाकलेली रेघ

पुण्याच्या सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या मुलांनी बनवलेला ‘स्वयम्’ हा उपग्रह २२ जून २०१६ रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी३४ रॉकेटमधून वर गेला आणि आमच्या मुलांना एकच ध्यास लागला : त्याचा रेडिओ संदेश नाशिकमधून ऐकायचा. मी इथल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. माझ्याकडे हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओचा परवाना आहे. उपग्रह म्हणजे १० सेंटिमीटर बाजूचा, किलोभराचा ठोकळा. पण तो आपल्याच वयाच्या मुलांनी घडवलेला, याचं त्यांना फार अप्रूप होतं. मलाही होतं.

पाऊस उघडला तशी सकाळी साडेनऊच्या सुमारास आम्ही गच्ची गाठली. पीव्हीसी पाइपवर मेजर टेपच्या पट्ट्या बसवून केलेला यागी अँटेना (एकाच दिशेने रोखायचा), लॅपटॉप आणि त्याला जोडलेला आरटीएल-एसडीआर हा छोटा रेडिओ रिसीव्हर. उपग्रह रामशेजच्या अंगाने उगवून पांडवलेण्यांकडे मावळणार होता.

पडद्यावर आडवी वारंवारता, डावीकडे कमी आणि उजवीकडे जास्त; वेळ वरून खाली. ‘स्वयम्’च्या ४३७.०२५ मेगाहर्ट्झच्या आसपास एक ठळक रेघ होतीच. मुलं ओरडली. मी म्हटलं, थांबा. ती सरळसोट खाली येत होती, म्हणजे जमिनीवरच्याच कुठल्या तरी उपकरणाचा कचरा.

“सर, इकडे बघा, ही तुटक आहे!” अँटेना धरलेली मुलगी म्हणाली.

पुसट, ठिपक्याठिपक्यांची रेघ. आधी जेमतेम हलणारी, मग डावीकडे कलणारी, आणि उपग्रह माथ्यावर आला तशी भरभर घसरणारी. जवळ येणाऱ्याची वारंवारता वाढलेली भासते, दूर जाणाऱ्याची घटलेली; हाच डॉप्लर परिणाम. जमिनीवर उभ्या असलेल्या यंत्राची रेघ अशी वाकत नाही. हेडफोनमध्ये मोर्स संकेत वाजत होता. मध्येच बुडायचा, मुलीने मनगट फिरवून अँटेना तिरका केला की पुन्हा वर यायचा. ‘स्वयम्’ला दिशा धरून ठेवायला मोटर नव्हती, आतले कायमचे चुंबक पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या आधाराने त्याला वळवत. त्यासाठी वीज मुळीच लागत नसे. मला त्यातली ही सर्वांत देखणी गोष्ट वाटते.

दहाएक मिनिटांत सगळं संपलं, पण खाली कोणी गेलं नाही. वारंवारता एकूण सुमारे २० किलोहर्ट्झ घसरली होती. निम्मी घसरण येतानाची, निम्मी जातानाची, म्हणून निम्मी घेऊन मुलांनी तिथेच उपग्रहाच्या वेगाचं गणित मांडलं : सेकंदाला जवळपास ७ किलोमीटर. पुस्तकात कक्षेतला वेग साडेसात किलोमीटरच्या वर दिलेला. फरक कुठे गेला, यावर वाद पेटला. शेवटी एकाने ओल्या गच्चीवर खडूने पृथ्वीचा गोल काढला आणि दाखवलं, क्षितिजावरही उपग्रह थेट आपल्याकडे येत नाही, जरा तिरपा येतो.

त्या दिवशीचं माझं पहिलं लेक्चर गच्चीवरच झालं.